मानसिक आजाराच्या दिव्यांग प्रमाणपत्रात टक्के कमी मिळाले? अपील कसं करायचं, टप्प्याटप्प्यानं

मानसिक आजाराचं प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या खाली अडकलं की घरचे अपिलात काय लिहितात, ते मी आता बऱ्याच फायलींमध्ये पाहिलं आहे. दोन पानं हालअपेष्टांची, "आमच्यावर अन्याय झाला" हे वाक्य चार वेळा आणि खाली औषधांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. कुठल्या रकान्यात किती गुण पडले आणि ते का चुकले, याबद्दल मात्र एक ओळही नसते. असा अर्ज वाचणाऱ्या डॉक्टरला सहानुभूती वाटली, तरी निर्णय बदलायला त्याच्या हाती काही लागत नाही.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. पहिल्या तपासणीत त्याला चार-पाच मिनिटं बसवलं, नाव, गाव आणि वार विचारला. त्यानं सगळं बरोबर सांगितलं. टक्के पडले ३०. त्यानंतरचं वर्ष आम्ही चुकीच्या दारांवर हेलपाटे घालण्यात घालवलं. तुमचं तसं जाऊ नये म्हणून हे क्रमानं लिहिते आहे. मुख्य माहिती महाराष्ट्रासाठी आहे. कायदा केंद्राचा असल्यामुळे गोव्यातही पाया तोच आहे, फक्त कार्यालयं आणि योजना वेगळ्या.

## सुरुवातीला: ४० हा आकडा कुठे अडवतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानलं आहे आणि मानसिक आजार त्यातलाच एक आहे. ४० टक्के किंवा जास्त असेल तरच बहुतेक लाभ मिळतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना दरमहा २,५०० रुपये मिळतात, पण ४० टक्के हवेत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवं. जुन्या करप्रणालीत ४० टक्क्यांना ७५,००० रुपयांची आणि ८० टक्क्यांना १,२५,००० रुपयांची वजावट आहे. सरकारी नोकरीतलं आरक्षणही ४० पासूनच सुरू होतं.

म्हणजे ३८ आणि ४० मधला फरक कागदावर दोनाचा असला, तरी घरात तो महिन्याच्या औषधांचा असतो.

सावधान: निरामय आरोग्य विमा योजनेत मानसिक आजार येत नाही. ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. "प्रमाणपत्र झालं की निरामय काढून देतो" असं कोणी सांगत असेल, तर त्याला पैसे देऊ नका.

## टप्पा १: निर्णय लेखी हातात घ्या

तोंडी "होणार नाही" किंवा "बसत नाही" हे ऐकून घरी येऊ नका. कायद्याच्या कलम ५८ नुसार तपासणीनंतर एकतर प्रमाणपत्र द्यायचं असतं, नाहीतर या व्यक्तीला दिव्यांगत्व नाही असं लेखी कळवायचं असतं. नकार असेल तर त्याची कारणंही लेखी मिळायला हवीत.

हातात कागद आला की तीन गोष्टी लगेच बघा.

पहिली म्हणजे प्रकार. "मानसिक आजार" आणि "बौद्धिक अक्षमता" हे दोन वेगळे प्रकार आहेत, पण ऑनलाइन अर्ज भरताना कॅफेवाला बऱ्याचदा चुकीचा प्रकार निवडतो. मग पेशंटची बुद्ध्यांक चाचणी होते, बुद्ध्यांक नॉर्मल येतो आणि अर्ज फेटाळला जातो. स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा ओसीडी असलेल्या माणसाचा बुद्ध्यांक उत्तम असू शकतो. बुद्ध्यांकावरून मानसिक आजाराचं दिव्यांगत्व ठरत नाही. तुमच्या कागदावर असं झालेलं दिसलं, तर अपिलाचा पहिला आणि सगळ्यात भक्कम मुद्दा तोच.

दुसरी, तात्पुरतं की कायमचं. मानसिक आजारात तात्पुरतं प्रमाणपत्र बऱ्याचदा मिळतं. तात्पुरतं आहे म्हणून ते कमी दर्जाचं ठरत नाही, फक्त त्यावरची मुदत पाळावी लागते.

तिसरी, तारीख. अपिलाची मुदत याच तारखेपासून मोजली जाते.

तपासा: प्रमाणपत्र मिळालं पण टक्के कमी आहेत, अशा वेळीही अपील करता येतं. अपील फक्त पूर्ण नकारावरच चालतं असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. कलम ५९ प्रमाणित करणाऱ्या प्राधिकरणाच्या निर्णयाबद्दल बोलतं आणि कमी टक्के हाही निर्णयच आहे.

## टप्पा २: गुणतक्ता मागा

बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि मग पुढचं सगळं अंदाजानं चालतं.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी प्रत्येक रकान्यात गुण भरलेले असतात. ती गुणपत्रिका आणि त्या दिवसाचा केसपेपर यांच्या प्रती मागायच्या. दोन वाटा आहेत.

1. साधा अर्ज. ज्या रुग्णालयात तपासणी झाली, तिथल्या जिल्हा शल्यचिकित्सकांच्या किंवा अधीक्षकांच्या नावे. स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मागण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २५ मध्ये आहे. त्याचा उल्लेख एका ओळीत करा.
2. माहिती अधिकार. साध्या अर्जाला आठवडाभरात उत्तर नाही आलं, तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

दोन्ही अर्ज पेशंटच्या नावानं आणि पेशंटच्या सहीनं जायला हवेत. आईनं किंवा भावानं स्वतःच्या नावानं मागितलं, तर "दुसऱ्याची खासगी माहिती" म्हणून परत पाठवतात. आमचा पहिला अर्ज असाच परत आला आणि त्यात महिना गेला.

सही करायला पालकत्वाचा आदेश लागत नाही. सज्ञान माणसाला मानसिक आजार आहे म्हणून त्याची सही बाद होत नाही. "आधी कोर्टातून पालकत्व आणा" असं काऊंटरवर कोणी म्हणालं, तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

सावधान: गुणतक्ता येईपर्यंत अपील थांबवून ठेवू नका. अपिलाची मुदत राज्य सरकार ठरवतं. ती आणि अपील प्राधिकरणाचं नाव, दोन्ही रुग्णालयाच्या दिव्यांग कक्षातून लेखी विचारून घ्या. पण स्वतःपुरती मुदत ३० दिवसांचीच धरा. अर्ज आत टाका आणि "गुणतक्ता मिळाल्यावर पुरवणी मुद्दे देऊ" असं त्यात लिहा.

## टप्पा ३: टक्के कसे निघतात

मानसिक आजारासाठी भारतात जी मोजपट्टी वापरतात, तिला सगळे आयडियाज म्हणतात. ती आजाराचं नाव मोजत नाही. माणसाचं रोजचं जगणं किती अडलं आहे, ते मोजते. चार रकाने आहेत:

- स्वतःची काळजी: आंघोळ, कपडे, जेवण, औषधं, तब्येत सांभाळणं
- माणसांशी संबंध: घरच्यांशी, शेजाऱ्यांशी, अनोळखी माणसांशी वागणं
- संवाद आणि समज: बोलणं सुरू करणं, चालू ठेवणं, समोरच्याचं समजून घेणं
- काम: नोकरी-धंदा, किंवा घरकाम, किंवा शिक्षण, या तिघांपैकी पेशंटला लागू पडेल ते एकच

प्रत्येक रकान्यात ० ते ४ गुण असतात. अडचण नाही तर ०, सौम्य १, मध्यम २, तीव्र ३ आणि अतितीव्र ४. या चारांच्या बेरजेत आजाराच्या काळाचे जास्तीत जास्त ४ गुण मिळवतात. एकूण २०.

बेरीज १ ते ६ आली तर ४० टक्क्यांच्या खाली. ७ ते १३ म्हणजे ४० ते ७० टक्के. १४ ते १९ म्हणजे ७१ ते ९९. २० म्हणजे १००.

अख्खं प्रकरण ६ आणि ७ च्या मध्ये अडकतं, हे एकदा लक्षात आलं की अपील सोपं होतं. कल्पनेतलं उदाहरण घेऊ. स्वतःची काळजी १, संबंध १, संवाद १, काम १, काळ २. बेरीज ६, म्हणजे पात्र नाही. इथे पाचही रकाने चुकले हे सिद्ध करायची गरजच नाही. कामाच्या रकान्यात १ ऐवजी ३ हवे होते, एवढं पुराव्यानिशी दाखवलं तरी बेरीज ८ होते. अपिलात सगळीकडे थोडं थोडं भांडण्यापेक्षा जिथे पुरावा सगळ्यात पक्का आहे, ते दोन रकाने पकडा आणि ते घट्ट धरा.

## टप्पा ४: चूक नेमकी कुठे झाली

गुणतक्ता समोर ठेवून शोधा. मला वारंवार दिसलेल्या चुका या:

"नॉर्मल दिसतोय." पेशंट त्या दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला असतो. ती आंघोळ घालायला घरातल्या दोन माणसांना सकाळी दोन तास लागलेले असतात, पण ते कोणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. स्वतःच्या काळजीच्या रकान्यात शून्य पडतं.

काळजी घेणाऱ्या माणसाला विचारलंच नाही. पेशंटची मुख्य काळजी घेणाऱ्या माणसाशी बोलूनच गुण द्यावेत, हे या मोजपट्टीत गृहीत आहे. तुम्हाला दाराबाहेर बसवलं असेल तर तो प्रक्रियेतला दोष आहे. अपिलात तो स्पष्ट लिहा. कोण सोबत होतं, कुठे बसवलं, काही विचारलं की नाही.

कामाचा रकाना चुकीचा भरला. भाऊ चुलत्याच्या दुकानात बसतो म्हणून "काम करतो" असं लिहिलं. तो तिथे नुसता बसतो, गल्ल्याला हात लावत नाही, गिऱ्हाईक आलं की आत जातो, हे नोंदवलं गेलं नाही. बायकांच्या बाबतीत तर हे हमखास होतं. "घरकाम करता का?" "हो." संपलं. स्वयंपाक सासू करते, हिला फक्त भांडी पुसायला देतात आणि तीही अर्धवट राहतात, हे त्या "हो" मध्ये कुठेच येत नाही.

आजाराचा काळ कमी धरला. डॉक्टरांसमोर फक्त त्याच रुग्णालयाचा अलीकडचा केसपेपर होता, म्हणून आजार दीड वर्षांचा ठरला. आधीची आठ वर्षं खासगी दवाखान्यात गेली होती, पण ते कागद फाईलमध्ये नव्हते. ही चूक सुधारायला सगळ्यात सोपी आहे आणि दोन गुणांनी सुद्धा निकाल फिरतो.

घरच्यांनीच झाकलं. हे लिहिताना मला त्रास होतो, कारण आमच्या आईनं हेच केलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कसा असतो?" आई म्हणाली, "चांगला असतो हो, शांत असतो." मुलाची लाज जाऊ नये म्हणून म्हणाली. ते "शांत" म्हणजे दिवसातले चौदा तास भिंतीकडे तोंड करून पडून राहणं होतं.

## टप्पा ५: पुरावा गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तीन थर लागतात आणि तिन्ही एकमेकांशी जुळायला हवेत.

### पहिला थर: जुने कागद

पहिल्या उपचारापासूनचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावा. ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात उपचार झाले असतील, तर तिथून नोंदींची प्रत अर्ज करून घ्या. खासगी डॉक्टरांकडेही मागा. वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. दाखल पेशंटच्या नोंदी मात्र ३ वर्षंच जपून ठेवण्याचं बंधन आहे, म्हणून उशीर करू नका.

वर एक पान जोडा: वर्ष, कुठे उपचार, काय निदान, किती दिवस दाखल. गेल्या दोन वर्षांतल्या कोणकोणत्या महिन्यांत लक्षणं होती, ते वेगळं लिहा. काळाचे गुण याच पानावर ठरतात.

### दुसरा थर: घरची नोंदवही

एक शंभर पानी वही घ्या आणि किमान महिनाभर रोज चार ओळी लिहा, चार रकान्यांच्या चार. भावना नको. काय घडलं, किती वेळा सांगावं लागलं, कोणाची मदत लागली, एवढंच.

असं लिहू नका: "आंघोळ करत नाही, खूप त्रास देतो."

असं लिहा: "आंघोळ नवव्या दिवशी. सकाळपासून तीनदा सांगितलं. पाणी काढून दिलं, बाबा दाराशी उभे होते. कपडे तेच घातले."

असं लिहू नका: "कोणाशी बोलत नाही."

असं लिहा: "शेजारच्या लग्नाला नेलं. मांडवाबाहेर उभा राहिला. कोणी हाक मारली तरी वर बघितलं नाही. वीस मिनिटांत घरी आणावं लागलं."

चांगले दिवसही लिहा. ज्या दिवशी त्यानं आपणहून चहा केला, तो दिवसही त्याच वहीत हवा. महिनाभरात असे दोन दिवस आणि बाकीचे अठ्ठावीस तसे, हे वाचणाऱ्याला पटतं. तीसही दिवस वाईट लिहिले की वही बनावट वाटते.

### तिसरा थर: बाहेरच्या माणसांची पत्रं

घरच्यांचं म्हणणं "घरचेच आहेत, सांगणारच" म्हणून बाजूला पडू शकतं. म्हणून बाहेरच्या दोन-तीन माणसांचं लेखी घ्या. जुना मालक, शाळा-कॉलेजातले शिक्षक, बचत गटाची अध्यक्ष, आशा ताई. प्रत्येकानं फक्त स्वतः पाहिलेलं लिहावं आणि तारखा किंवा निदान महिने टाकावेत. नोकरी सुटल्याचं पत्र, हजेरीपत्रक, परीक्षा न दिल्याची नोंद, घर सोडून गेल्यावर पोलिसांत दिलेली हरवल्याची तक्रार, हे सगळं कामाला येतं.

### उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र

"डॉक्टर, एक सर्टिफिकेट द्या ना" एवढंच म्हणालात तर एका ओळीचं सर्टिफिकेट मिळेल: अमुक पेशंट अमुक आजारासाठी माझ्याकडे उपचार घेत आहे. त्याचा उपयोग शून्य. त्यापेक्षा नोंदवही सोबत न्या आणि चार प्रश्न लिहून द्या:

1. मदतीशिवाय रोजची स्वतःची कामं किती होतात?
2. माणसांत वावरताना काय अडतं?
3. बोलणं आणि समजणं यात काय दिसतं?
4. काम, घरकाम किंवा शिक्षण गेल्या दोन वर्षांत किती झालं, किती सुटलं?

गोळ्या नियमित चालू असतानाही काय शिल्लक राहतं, हे त्यांनी लिहिणं फार महत्त्वाचं आहे. नाहीतर "गोळ्यांनी बरा आहे" एवढ्यावर प्रकरण मिटवतात. टक्के मात्र त्यांना लिहायला सांगू नका. टक्के ठरवणं तपासणी करणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचं काम आहे आणि त्याबाहेरच्या डॉक्टरानं आकडा टाकला की पत्राचं वजन कमी होतं.

सावधान, आणि हे पुन्हा वाचा: तपासणीत "आजारी दिसावा" म्हणून गोळ्या बंद करू नका. असा सल्ला देणारे एजंट आहेत आणि दुर्दैवानं नातेवाईकही आहेत. गोळ्या तुटल्या की आजार उलटतो, आणि काही पेशंट पूर्वीच्या पातळीवर परत येत नाहीत. कोणत्याही टक्क्यांसाठी ही किंमत देऊ नका. या काळात पेशंटचा त्रास वाढला किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर फाईल बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

सावधान: खोटं काही जोडू नका. दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीनं घेतला, तर दिव्यांग कायद्याच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "पंधरा हजारांत ५० टक्के" सांगणारा एजंट त्या वेळी सोबत नसतो.

## टप्पा ६: अपिलाचा अर्ज लिहा

दोन पानांपेक्षा मोठा नको. खालचा मसुदा तुमच्या तपशिलानं भरा.

> प्रति,
> अपील प्राधिकरण, (जिल्हा/संस्था)
>
> विषय: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ५९ नुसार अपील
>
> महोदय/महोदया,
>
> मी (नाव), वय (…). माझा अर्ज क्रमांक (…). दिनांक (…) रोजीच्या प्रमाणपत्रात मला मानसिक आजार या प्रकारात (…) टक्के दिव्यांगत्व दाखवले आहे. हा निर्णय मला मान्य नाही. कारणे पुढीलप्रमाणे:
>
> १. "काम" या रकान्यात १ गुण दिला आहे. मी (महिना, वर्ष) पासून कोणतेही काम सलग करू शकलेलो नाही. पाहा: जोडपत्र ४, माजी मालकाचे पत्र, जोडपत्र ५, नोंदवही पाने ३ ते ९.
>
> २. "स्वतःची काळजी" या रकान्यात ० गुण दिला आहे. प्रत्यक्षात रोज मदत लागते. पाहा: जोडपत्र २, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र.
>
> ३. आजाराचा काळ (…) पासून धरला आहे. पहिल्या उपचाराची नोंद (…) ची आहे. पाहा: जोडपत्र १.
>
> ४. तपासणीच्या वेळी माझी काळजी घेणारी व्यक्ती बाहेर उपस्थित होती. तिला काहीही विचारण्यात आले नाही.
>
> विनंती: माझी नव्याने तपासणी व्हावी, तपासणीत मनोविकारतज्ज्ञ असावेत, काळजी घेणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे नोंदवावे आणि निर्णय कारणांसह लेखी द्यावा.
>
> सही, दिनांक

गुणतक्ता अजून आला नसेल, तर "१ गुण दिला आहे" च्या जागी "या रकान्यातील अडचण विचारात घेतलेली दिसत नाही" असं लिहा.

आधीच्या डॉक्टरांवर वैयक्तिक आरोप करू नका. "त्यांनी मुद्दाम केलं" हे सिद्ध करता येत नाही आणि वाचणारा त्यांचाच सहकारी असतो. रकाना आणि कागद, एवढ्यावर राहा.

तपासा, अर्ज देण्याआधी: प्रत्येक मुद्द्यासमोर जोडपत्राचा क्रमांक आहे का? पानांवर नंबर टाकले का? सगळ्याचे दोन संच झेरॉक्स केले का? मूळ कागद स्वतःकडेच ठेवले का?

अर्ज हातानं द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

सावधान: अपील चालू असताना दिव्यांग प्रमाणपत्राच्या ऑनलाइन पोर्टलवर नवा अर्ज भरू नका. आधार क्रमांक तोच असल्यामुळे दोन अर्ज एकमेकांत अडकतात आणि "आधीच प्रमाणपत्र आहे" असा शेरा पडतो. दुसऱ्या जिल्ह्याचा पत्ता दाखवून अर्ज करणं तर त्याहून वाईट; तो थेट फसवणुकीचा संशय ओढवतो.

## टप्पा ७: पुन्हा तपासणीचा दिवस

मनोविकार विभागाची तपासणी बहुतेक ठिकाणी ठराविक वारीच असते. आधी फोन करून वार पक्का करा. पेशंटला गर्दी सहन होत नसेल, तर लवकरचा नंबर आणि शांत जागा द्यावी, असा छोटा अर्ज आधीच द्या. ती मेहेरबानी मागणं नाही; गरजेनुसार सोय करून देणं कायद्यातच आहे.

सोबत तोच माणूस जाऊ दे जो रोज घरात त्याच्याजवळ असतो. वडील पुण्यात नोकरीला, मुलगा गावी आजीपाशी, आणि तपासणीला वडील जातात; मग "जेवतो का, किती वाजता झोपतो" याला उत्तर नसतं.

पेशंटला पढवू नका. "असं सांग, तसं वाग" याचा ताण त्यालाच होतो आणि डॉक्टरांना ते लगेच कळतं. मुद्दाम गबाळाही नेऊ नका. तो जसा असतो तसा. पण इस्त्रीचा शर्ट कोणी चढवला, हे सांगायला विसरू नका.

"कसा आहे?" या प्रश्नाला "बरा आहे" हे उत्तर आपल्या जिभेवरच असतं. ते अडवा. नोंदवही उघडा आणि गेल्या आठवड्याचं वाचून दाखवा. पेशंटसमोर काही बोलणं अवघड असेल, तर "मला दोन मिनिटं वेगळं बोलायचं आहे" असं म्हणा.

बाहेर आल्यावर त्याच दिवशी लिहून ठेवा: किती वाजता आत गेलो, किती वेळ लागला, कोणी काय विचारलं, काळजी घेणाऱ्याचं ऐकलं का. पुढे लागलंच तर हे टिपण सोन्याचं ठरतं.

## टप्पा ८: अपिलातही नाही झालं तर

राज्य दिव्यांग आयुक्त, पुणे. प्रक्रियेतले दोष इथे मांडायचे: लेखी कारण दिलं नाही, अपील घेतलंच नाही, महिनोन्महिने उत्तर नाही. आयुक्तांकडे साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ते स्वतः टक्के ठरवत नाहीत, म्हणून "मला ५० टक्के द्या" अशी मागणी इथे करू नका. "कारणांसह नव्यानं तपासणीचे निर्देश द्या" अशी करा.

मोफत वकील. दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात कार्यालय असतं, मदत क्रमांक १५१००.

उच्च न्यायालय. रिट याचिका शेवटची वाट. न्यायालयही सहसा स्वतः गुण देत नाही, नव्या बोर्डाकडे पाठवतं. तिथे तुमची पोच घेतलेली प्रत आणि टप्पा ७ मधलं टिपण हाच पाया असतो.

गोव्यात मानसिक आजाराच्या उपचारांचे कागद बहुधा बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत असतात. तिथून प्रती घेण्यापासून सुरुवात करा.

आणि आजार वाढला असेल, म्हणजे तपासणीनंतर पुन्हा दाखल करावं लागलं किंवा नोकरी सुटली, तर जुन्या निर्णयाशी भांडत बसू नका. बदललेल्या स्थितीचे नवे कागद घेऊन फेरतपासणी मागा.

## ४० च्या खाली राहिलात तरी

प्रमाणपत्र फाडून टाकू नका. पेन्शन आणि आरक्षण मिळणार नाही, पण नोकरीत किंवा परीक्षेत गरजेनुसार सोय मागण्यासाठी ४० टक्क्यांची अट नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात हे स्पष्ट केलं. परीक्षेत लेखनिक मागितलेल्या उमेदवाराचं ते प्रकरण होतं. मानसिक आजार असलेला कर्मचारीही पाळी बदलून मागणं, उपचारांसाठी रजा मागणं यासाठी याच तत्त्वावर अर्ज करू शकतो. मानसिक आजाराबरोबर दुसरं दिव्यांगत्व असेल, समजा कमी ऐकू येतं, तर त्याचीही तपासणी करून घ्या. दोन्ही एकत्र धरून टक्के काढले जातात.

## टक्के मिळाल्यावर लगेच

नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, आधारचे शेवटचे अंक, दिव्यांगत्वाचा प्रकार, सगळं तिथेच उभं राहून तपासा. पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, रंगही बघा: ४० ते ७९ टक्क्यांसाठी पिवळा, ८० आणि वर निळा, ४० च्या खाली पांढरा. प्रमाणपत्र देशभर चालतं, त्यामुळे सुरतेला किंवा बेळगावला राहायला गेलात तरी ते पुन्हा काढायला लागत नाही. राज्याच्या योजना मात्र तिथल्या असतात.

प्रमाणपत्र तात्पुरतं असेल, तर संपण्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर आजच लिहा आणि त्याच्या सहा महिने आधी एक खूण करा. मुदत संपली की अनुदान थांबतं, आणि ते पुन्हा सुरू व्हायला तहसीलमध्ये महिने जातात. नोंदवही बंद करू नका. रोज नको, आठवड्यातून एकदा चार ओळी पुरतात. माझ्या भावाची तिसरी वही आता भरत आली आहे. मागच्या नूतनीकरणाला डॉक्टरांनी तीच आधी मागितली.